कामाच्या कडेचा खेळ

मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याच्या लेकी-सुना पोराबाळांना घेऊन गोव्यातल्या आमच्या कोरगावात उतरल्या की पहिले दोन दिवस आंबे, काजू, फणस यांत जातात. तिसऱ्या दिवशी सकाळपासून भुणभुण सुरू होते, “आजी, आता काय करू?” मग कुणीतरी मोबाइल काढून देतं, नाहीतर म्हापशाहून हस्तकलेचा तयार संच येतो. त्यात सगळं आधीच कापलेलं, छापलेलं. पोराने फक्त चिकटवायचं. तासाभरात संच संपतो, खोका कचऱ्यात जातो आणि भुणभुण होती तिथेच राहते.

माझ्या सासूबाईंकडे यावर एकच कानमंत्र होता. पोराला वेगळा खेळ मांडून देऊ नये, आपल्या कामाच्या कडेला बसवावं. हीर काढत असाल तर चार पाती त्याच्या पुढ्यात टाका, पीठ मळत असाल तर त्याला एक गोळा द्या. सामान फुकट मिळतं, आपण तिथेच असल्यामुळे राखणही होते, आणि मोठ्यांच्या जगात आपली जागा आहे एवढं त्या लहान जिवाला कळतं.

हे शहाणपण काही एकट्या आमच्या घरातलं नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, तेव्हा माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यातल्या बालवाडीला परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं, माती यांतूनच साधनं उभी केली. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वाढलं. आमच्या पेडण्याच्या बाजूला तर अंगणही आहे आणि अंगणात माडही. तेव्हा आयांनो आणि बापांनो, खाली सांगते ते कानात घालून ठेवा.

हीर काढताना चार पाती वेगळ्या ठेवा

घरात झाडूसाठी हीर काढायला कोणी बसलं की पोराला हाक मारा. माडाच्या हिरव्या चुडताची, म्हणजे झावळीची, पात मधल्या हिराला सोलली की दोन लांब पट्ट्या मिळतात. त्या ताज्याच वापरायच्या, दुसऱ्या दिवशी त्या कडक होतात आणि दुमडताना चिरतात.

सुरुवात सापापासून करा, कारण तो चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वतः करता येतो. सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. टोकं एकमेकांवर काटकोनात ठेवा, एक आडवी, एक उभी. आता खालची पट्टी वरच्यावर दुमडा. मग जी खाली गेली ती वर. पुन्हा खालची वर. एवढंच, पट्टी संपेपर्यंत. शेवटी हिराचा बारीक तुकडा टोचून टोक अडकवा. हात सोडला की घड्या फुलतात आणि साप लांब होतो, दाबला की आखडतो. पोराला ‘खालची वर, खालची वर’ असं तोंडाने म्हणायला लावा. बोटं चुकली तरी तोंड त्यांना वाटेवर आणतं.

घड्याळ त्याहून सोपं. एकाच पट्टीला मधोमध सैल गाठ मारा, आणि ती हळूहळू ओढत बोटाने चपटी करत जा. गाठ आवळली की आपोआप नीटस पंचकोन तयार होतो. ती तबकडी. दोन्ही टोकं मनगटामागे बांधली की झालं घड्याळ. कागदाच्या पट्टीलाही अशी गाठ मारली तर पंचकोनच येतो. पाच बाजू मोजायला लावा. मोजणी शिकवायला वेगळी पाटी नको.

पिपाणी मात्र मोठ्यांनी करून द्यायची. पट्टीचं टोक करंगळीच्या नखाएवढ्या अरुंद नळीत गुंडाळायचं आणि पुढे प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, तिरका, रुंद करत न्यायचा, म्हणजे कर्ण्याचा आकार येतो. सुटू नये म्हणून रुंद टोकाला हिराचा तुकडा टोचायचा. अरुंद टोकात पातीचे दोन बारीक तुकडे समोरासमोर बसवून ते ओठांनी हलके दाबून फुंकायचं. फुंकरीने ते दोन तुकडे एकमेकांवर थरथरतात, आणि त्याचाच आवाज होतो. देवळातली सनई यावरच वाजते. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता शीतपेयाच्या नळीचं टोक चपटं करून, दोन्ही कडांनी तिरकं कापून अशीच पिपाणी करायला शिकवतात. वाजवत वाजवत कात्रीने नळी तोकडी करत गेलं की सूर चढत जातो. पाती नसलेल्या घरात ही नळी चालते.

चुडताचा बुडखा, म्हणजे पिडा, फेकू नका. त्याचा रुंद भाग खाली आणि तासलेला दांडा वर धरला की बॅट तयार. सगळ्या कोकणपट्टीतल्या पोरांचं क्रिकेट त्याच बॅटीवर सुरू होतं. तासायचं काम कोयती चालवणाऱ्या माणसाचं. पोराचं काम दांड्याला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळण्याचं. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पोरांना विमानही हवं असतं. त्याच पिड्याच्या तुकड्याला चिरा देऊन दोन बाजूंनी पाती खोचल्या की पंख होतात.

खवून झालं की करवंटी पोराची

आमच्याकडे रोज नारळ फुटतो, म्हणजे रोज दोन करवंट्या. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एक मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. तो डोळा पोराला शोधायला सांगा, बोटाने दाबून कळतो. मग खिळ्याने आपण तो उघडायचा. अशा दोन नारळांच्या डोळ्यांच्या बाजूच्या करवंट्या घ्या. कडा खरबरीत चिऱ्यावर घासून बोथट करा. हे घासायचं काम पोराला आवडतं आणि बराच वेळ पुरतं. भोकातून सुंभ ओवून आतल्या बाजूला काडीला गाठ मारा, म्हणजे ओढल्यावर तो निसटत नाही. करवंट्या पालथ्या ठेवायच्या, त्यावर उभं राहायचं, सुंभ पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटातून वर घेऊन हातात धरायचा आणि चालायचं. सारवलेल्या खळ्यात आवाज दबतो, फरशीवर टॉक टॉक वाजतो. सहा वर्षांच्या मुलाला जमतं. पहिल्यांदा आपला हात धरून चालवा, आणि ओल्या फरशीवर अजिबात नको.

शिगम्याच्या दिवसांत ढोल-घुमट ऐकून पोरं डबे बडवायला लागतात. बडवू द्या, पण जरा नीट. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भांडं, एका तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी ते घोरपडीचं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तेव्हा आता बकरीचं कातडं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पोरांच्या घुमटाला फुगा पुरतो. फुग्याचं तोंड कापून टाका, उरलेला रबर करवंटीवर ताणून रबरबँडने घट्ट बांधा. एक लहान करवंटी, एक मोठी करवंटी, एक पत्र्याचा डबा असे तीन करा. कोणाचा आवाज बारीक, कोणाचा जाड, ते डोळे मिटून ओळखायला लावा. फुग्याचे कापलेले तुकडे मात्र लगेच उचला. लहान मुलाने ते तोंडात घातले तर श्वास अडकतो.

पहिल्या पावसात कोय शोधा

मे महिन्यात खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी परसात पडलेल्या असतात. मिरगाच्या पावसाने त्या उगवतात. तांबूस कोवळी पानं दिसली की पोराला घेऊन जा आणि कोय हळूच उपटा. वरचं कडक कवच सोलून आतली बी काढा. तिच्या दोन डाळी एकमेकांना चिकटलेल्या असतात. कोंबाच्या विरुद्ध टोक ओल्या चिऱ्यावर घासत राहा, दोन डाळींमधली फट उघडी पडेपर्यंत. त्या फटीत फुंकलं की कोय वाजते. कधी लगेच वाजते, कधी नाही. नाही वाजली तर आणखी थोडी घासायची. सगळी खटपट करून न वाजणारी कोय परत मातीत पुरून टाका. नीट धरली तर तिचं झाड होतं, आणि पोराला पुढच्या वर्षी पाहायला काहीतरी राहतं.

पावसात व्हाळाला पाणी आलं की होडी हवीच. कागदाची होडी दोन मिनिटांत भिजते. केळीचा घड उतरवून बुंधा तोडला की त्याचे सोप निघतात. वीतभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं आत दुमडून हिराने टाचा, मध्ये एक काडी उभी करून पान खोवा. आतल्या हवेच्या पोकळ्यांमुळे सोप बुडत नाही. माडाची वाळलेली पोय तर जन्मतःच होडीच्या आकाराची. तिला काहीच करावं लागत नाही. डिचोली तालुक्यात साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीच्या पात्रात घरी केलेल्या सजवलेल्या होड्या सोडतात, मोठमोठी माणसं त्यासाठी रात्री जागतात. पोरांना एकदा ते दाखवून आणा. होडी करणं हे लहानांचंच काम नाही, हे त्यांना तिथे कळतं.

व्हाळाच्या काठी मोठं माणूस हवंच. पाणी घोट्याच्या वर असेल तर होडी घमेल्यात सोडा.

माती आदल्या रात्री भिजवा

मातीचं काम फसतं ते घाईने. शेताच्या मेरेकडची चिकण माती आणा, खडे आणि मुळं काढा, चाळा, आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी वरचं पाणी ओतून माती फडक्यावर पसरा. हाताला चिकटेनाशी झाली की मळा. थोडा कापूस तोडून मिसळला तर वाळताना भेगा कमी पडतात. खाजनातली माती घेऊ नका. ती खारी असते आणि वाळल्यावर वर मिठाचा पांढरा थर धरते. आणि रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती कितीही मऊ दिसली तरी तिला हात लावायचा नाही. तिला आपण सातेरी देवी म्हणून पुजतो, आणि आत नागाची वस्तीही असू शकते. दोन्ही कारणं पोरांना सांगा.

तीन वर्षांच्या मुलाला काय करायचं ते सांगू नका. गोळा द्या, तो थापेल, बोटं खुपसेल, नखाने ओरखडे काढेल; तेच त्याचं काम. चार वर्षांनंतर सुरळी करायला शिकवा, कारण सुरळी आली की तिच्यातून साप होतो, वेटोळं करून वाटी होते, दोन टोकं जोडून बांगडी होते. पाचव्या वर्षी चूल, तवा, भाकऱ्या. नागपंचमीला घरात मातीचा नाग होतो, त्याच्या शेजारी पोराचा नाग बसू द्या. वस्तू सावलीत वाळवा. उन्हात ठेवली की बाहेरून लवकर सुकते, आत ओलीच राहते आणि तडकते.

कपडे मळतील म्हणून मुलांना मातीपासून लांब ठेवणाऱ्यांनी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला जाऊन चिखलकालो पाहावा. देवकीकृष्णाच्या देवळापुढे मोठी माणसं चिखलात लोळून पोरांचे खेळ खेळतात. देवाच्या दारात चिखल चालतो, तर आपल्या अंगणात का नाही? एक जुना सदरा त्यासाठीच राखून ठेवा.

शहरात माती मिळत नाही तिथे दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसं पाऊण वाटी ते वाटीभर पाणी घालून घट्ट मळा. मिठामुळे हा गोळा टिकतो आणि पोर दुसऱ्यांदा तोंडात घालत नाही. पण गोव्याच्या पावसाळ्यात तो करू नका. मीठ हवेतली ओल ओढतं, वस्तूंना पाणी सुटतं आणि त्या लिबलिबीत होतात. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस त्याला बरे.

चवथीला पोराची वेगळी माटोळी

चवथीची तयारी म्हणजे घरातली सगळ्यात मोठी हस्तकला. तिच्यात पोरांना “मधे मधे येऊ नको” एवढंच ऐकायला मिळतं. गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, म्हणजे माटोळी, मोठी माणसं बांधतात, ती उंचावर असते, तिथे लहानांचा हात पोचत नाही. म्हणून त्याच दिवशी एक छोटी माटोळी पोराच्या उंचीवर बांधू द्या. बांबूच्या चार कांब्यांची हातभर चौकट करा, उभ्या-आडव्या सुतळ्या ओढा आणि दोन खुंट्यांना टांगा. मोठ्या माटोळीसाठी आणलेल्यातलं उरलंसुरलं त्याचं: सुपारीचा लहान घोस, आंबाडे, कांगलां, हरणां, आंब्याचा टाळ. गाठ त्याने मारायची. सैल बसली तर पडेल, पडली की पुन्हा मारेल.

खरा धडा नावांत आहे. एकेक वस्तू हातात देताना तिचं नाव सांगा, कुठे मिळाली ते सांगा, शक्य असेल तर रानात बरोबर न्या. पावसाळ्याच्या शेवटी कोणत्या वेलीला काय लागतं, हे माटोळीइतकं नीट दुसरं काही शिकवत नाही. सोबत हेही सांगा की माटोळीचं सगळंच खायचं नसतं. कवंडळ लालभडक आणि देखणं, पण विषारी. ते मोठ्या माटोळीतच, उंच राहू द्या.

खळ घरचीच शिजवा

दिवाळी आली की कंदील आणि नरकासुर. गावातली मोठी पोरं रात्र जागून नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात. लहानांना तिथे धुरात आणि गर्दीत नेण्यापेक्षा घरी हातभर उंचीचा नरकासुर करू द्या. जुन्या पायमोज्यात किंवा बाहीत गवत भरा, डोक्याला कागदाचा बोळा, मिशांना माडाच्या सोडणाचा काथ्या. मुकुटाला पोफळीची विरी. ती ओली असताना कात्रीने कापता येते आणि वाळली की आकार धरते. दशावतारात राक्षस पाहून घाबरलेल्या मुलाला याच विरीचा मुखवटा करून द्या. डोळ्यांची भोकं आपण पाडायची, रंग त्याने द्यायचा. स्वतः रंगवलेल्या राक्षसाची भीती कमी होते.

चिकटवायला बाजारचा गोंद नको. वाटीभर तांदळाचं पीठ चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन पारदर्शक चमक आली की उतरवा. ही खळ थंड झाल्यावर बोटाने लावायची. ब्रश लागत नाही, आणि चाटली तरी पोटात भातच जातो. पूर्वी पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद विष आहे, पोरांच्या खळीत घालू नका. दोन दिवसांत आंबली तर टाका आणि नवी शिजवा.

कंदिलासाठी पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरे: रंगीत कागद मधे दुमडायचा, दुमडीच्या बाजूने कात्रीने सारख्या चिरा द्यायच्या, कडेला दोन बोटं जागा सोडून थांबायचं. उलगडून गोल वळवला की पोट फुगलेला कंदील होतो. आत तेलाची पणती ठेवू नका, लहान विजेचा दिवा सोडा.

हळद, साबण आणि जास्वंद

रंगपेटी आणण्याआधी स्वयंपाकघरात बघा. पाण्यात हळद कालवून कागदाला लावा आणि वाळवा. मग कापसाच्या काडीला साबणाचं पाणी लावून पोराला त्या पिवळ्या कागदावर चित्र काढू द्या. रेघ लाल उमटते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी होते. हळदीचा रंग क्षारात लाल होतो आणि आंबटात परततो. कुंकू हळदीपासून होतं ते यामुळेच. चुन्यानेही रेघ लाल होते, पण चुना त्वचेला आणि डोळ्यांना भाजतो, म्हणून साबणच.

लाल जास्वंदीची पाकळी कागदावर घासली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबू पिळलं की गुलाबी, साबण लावला की हिरवट. पोरांना ही जादू वाटते, वाटू द्या. कारण विचारल्यावर सांगा, न विचारता सांगू नका. ठशांसाठी भेंडीचा देठाकडचा तुकडा फुलासारखा उमटतो आणि कारल्याच्या चकतीने दातेरी चाक उमटतं. भाजी चिरताना देठ बाजूला ठेवायची सवय लावून घ्या. आमच्याकडची तांबडी माती चाळून खळीत कालवली तर भिंतीला, करवंटीला, पुठ्ठ्याला लावायला उत्तम गेरूसारखा रंग मिळतो. त्यावर तांदळाच्या पिठीने पांढरे ठिपके.

आपले हात आवरा

सगळ्यात अवघड कानमंत्र हा. पोराने केलेला नाग वाकडा असतो, माटोळी एका बाजूला झुकलेली असते, आणि आपले हात शिवशिवतात. “आण, मी नीट करून देते,” म्हटलं की वस्तू आपली होते. मुलाला मग तिच्याशी देणंघेणं राहत नाही. मदत मागितली तर एकच पाऊल पुढे न्या आणि थांबा. साप करताना तो अडला असेल तर एक घडी घाला, दुसरी त्याची.

कौतुकही जपून. “वा, किती छान!” दर वेळी म्हटलं की त्याची किंमत जाते. त्याऐवजी काय दिसतं ते बोला: “मिशा केवढ्या लांब केल्यास!” किंवा विचारा: “हे चाक फिरतं कसं?” मूल उत्तर देतं, आणि उत्तर देताना पुढचं काहीतरी सुचतं.

आणि मोडू द्या. चुडताची खेळणी संध्याकाळपर्यंत सुकतात, मातीची फुटतात, सोपाची होडी वाहून जाते. हेच त्यांचं मोल आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतलं रंगीत लाकडी खेळणं जत्रेतून आणलं की आपण ते कपाटात ठेवतो, मुलाला हात लावू देत नाही. फुकटच्या खेळण्याला असा पहारा लागत नाही. पोर ते उलगडून पाहतं, आत काय आहे ते बघतं आणि उद्या स्वतः करतं.

राखण कुठे करायची

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुपारीएवढं किंवा त्याहून लहान काही देऊ नका. बिया, मणी, बटणं सगळी त्यात आली. कच्च्या काजूबीच्या कवचात तेल असतं, ते कातडी भाजून काढतं. बिया मोजायला, रांगेत मांडायला द्याव्या, पण दाताने फोडू देऊ नये आणि भाजताना पोराला जवळ उभं करू नये. गुंजा दिसायला गोड, पण विषारी. माळ ओवायला घेऊ नका. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आम्ही खेळलो, तरी आज मी त्या नातवंडांच्या हाती देणार नाही, कारण त्यातल्या बीचं विष हृदयावर चढतं. एरंडाचं बीही विषारीच. हीर डोळ्याच्या उंचीवर नाचवायचा नाही, तो जमिनीकडे धरायचा, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्या. विळी, कोयती, विस्तव आपल्या हातात. बोथट कात्री पाचव्या वर्षापासून त्याच्या हातात.

अंगण नसेल तरी काम असतंच

म्हापसा, पणजी, ठाणे, दुबई, कुठेही राहा, माड नसेल पण घरकाम आहे. कपड्यांच्या घड्या घालताना पोराला रुमाल द्या, त्याचा उंदीर करून दाखवा. चपात्या करताना एक गोळा त्याचा. वाटाणे सोलताना शेंगांच्या होड्या होतात, कांद्याच्या साली वाळवून चिकटवल्या की पानगळीचं झाड होतं. किराणा आल्यावर पिशव्या रिकाम्या करायला बसवा; पुठ्ठ्याचा खोका त्याचा, आणि त्याला ‘घर’ करा की ‘बस’ करा हे तो ठरवील. फाटलेल्या लुगड्याची बाहुली होते, उरलेल्या ओढणीचा तिला पदर. पणजीत कांपालला बालभवन आहे, तिथे जरूर पाठवा, पण घरचं काम बालभवनावर सोपवू नका.

फक्त एवढं पाळा: दिलेलं काम खरं असू द्या. गुंतवून ठेवण्यासाठी दिलेलं खोटं काम मूल चटकन ओळखतं आणि सोडून उठतं. त्याने सोललेले वाटाणे त्याच दिवशीच्या भाजीत पडले पाहिजेत, त्याने कालवलेल्या खळीनेच घरचा कंदील चिकटला पाहिजे, आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर ते सांगितलंही गेलं पाहिजे. मग उद्या त्याला बोलवावं लागणार नाही. तुम्ही विळी घेऊन बसायच्या आत तो पाट घेऊन हजर होईल.